जनरेटरला घरचा एमसीबी पुरत नाही

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याच्या ओघातलं थोडं आवरून छापलं आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचे. या भागातल्या कितीतरी घरांची वायरिंग त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी केली आहे. या व्यासपीठावरून संतसाहित्यावर बोलून झालं, इतिहासावर झालं, शेतीवर झालं. विजेवर मात्र कुणी बोललं नव्हतं. म्हणून मी विषय मुद्दाम बारका निवडला. भाड्याचा किंवा घरचा छोटा जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, की जादा करंटपासून आपलं रक्षण कोण करतं? बोर्डावर एमसीबी आहेत, म्हणून आपण निर्धास्त असतो. ती निर्धास्ती कितपत खरी आहे, एवढंच मला आज तपासायचं आहे.

विषय कोकणात का, हे सांगायला नको. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. इकडे म्हसळा, श्रीवर्धन, पलीकडे मंडणगड, दापोली. खांब हजारांनी आडवे झाले आणि काही गावांत लाईट यायला आठवडेच्या आठवडे गेले. ते सावरतंय तोवर पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या दिवसांत टेम्पोत जनरेटर घालून वाडीवाडीत फिरणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. तासावर भाडं, टाकी भरली की पुढच्या घरी. त्यांनी लोकांची तहान भागवली, त्यांना नावं ठेवायला मी उभा नाही. पण तो जनरेटर घराला जोडला कसा जात होता, ते बघू.

सरळ पाण्याच्या मोटरचीच वायर काढून जनरेटरला लावली, तर भानगड कमी. जनरेटर, वायर, मोटर, संपलं. पण घरात फ्रिजही लावायचाय, मोबाईल चार्ज करायचेत, दोन पंखे फिरवायचेत. मग एक वायर निघते. तिच्या दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या पंधरा अँपियरच्या पॉइंटमध्ये. घर उजळतं. जोडून देणारा सांगतो, "काळजी करू नका वहिनी, एमसीबी आहेत ना."

एमसीबी आहेत. ते काय करतात?

त्यांच्या आधी किटकॅट होते. चिनीमातीच्या पकडीत ताणलेली फ्यूज वायर. पाच अँपियरची केसासारखी बारीक, पंधराची अर्ध्या मिलिमीटरची. करंट वाढला की वितळायची. आपण लोकांनी तिच्या जागी चारपदरी तांब्याची तार पिळून घातली आणि फ्यूज कधी जाऊच दिला नाही, तो वेगळा इतिहास. आजच्या एमसीबीचं पेटंट ह्यूगो श्टोट्स यांच्या जर्मन कंपनीनं १९२४ मध्ये घेतलं. त्या एवढ्याशा डबीत दोन वेगळे पहारेकरी बसवलेले आहेत. एक दोन धातूंची पट्टी: करंट जास्त झाला की तापते, वाकते आणि खटका पाडते. दुसरं चुंबकी कॉइल: करंट एकदम उसळला की क्षणात खेचून तोडतं.

पट्टी सावकाश काम करते, आणि ते हेतुपुरस्सर आहे. मानकाप्रमाणे १६ अँपियरचा एमसीबी १.१३ पट करंटला, म्हणजे अठरा अँपियरला, तासभर पडता कामा नये, १.४५ पटीला, म्हणजे तेवीस अँपियरच्या पुढे, तासाभरात पडला पाहिजे. ऐकलंत ना? तासाभरात. कॉइलला मात्र मोठा धक्का लागतो. बी प्रकारचा एमसीबी लिहिलेल्या आकड्याच्या तीन ते पाच पटीला, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला झटक्यात तुटतो. आपल्याकडे घरोघरी सी असतो. डबीवर सी१६ असं छापलेलं असतं. आज घरी गेल्यावर बघा. त्याला झटक्यात पडायचं तर निदान ऐंशी, नाहीतर एकशेसाठ अँपियर हवेत.

हे अँपियर येतात कुठून? डीपीवरून. गावातला शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचा पूर्ण भार फेजला १३३ अँपियर. पण त्याच्या तोंडाशीच शॉर्ट झालं तर साधारण तीन हजार अँपियर उसळतात. तारेच्या लांबीनं ते तुमच्या घरापर्यंत येईतो काहीशे उरतात, तरी सी१६ पाडायला पुरून उरतात. म्हणून शॉर्ट झालं की "टक्" आवाज येतो आणि घर वाचतं. ते श्रेय एकट्या एमसीबीचं नाही. मागे डीपी उभी आहे म्हणून एमसीबीचा रुबाब आहे.

आता डीपी काढा आणि तिथे अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर ठेवा. २३० व्होल्टला त्याचा पूर्ण करंट अकरा अँपियर. शॉर्ट झालं तर हा बिचारा किती देणार? चांगला असेल तर थोडा वेळ तिप्पट, म्हणजे तीस-तेहतीस. बरेचसे छोटे जनरेटर तेवढंही देत नाहीत. शॉर्ट झाल्याबरोबर त्यांचं एक्सायटेशनच बसतं, व्होल्टेज कोसळतं आणि ते नुसते घुरघुरत राहतात. इन्व्हर्टर प्रकारच्या नव्या जनरेटरांत इलेक्ट्रॉनिक्स करंटला आधीच आवर घालतं. सी१६ मागतो ऐंशी, मिळतात तेहतीस. कॉइल हलत नाही. पट्टी तापायला लागते, पण दुप्पट करंटला तिला पडायला चांगला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर बोर्डावरचा प्रत्येक एमसीबी ताठ उभा असतो.

यावर कुणी म्हणेल, की जनरेटर शॉर्ट झाल्यावर एवढाच करंट देत असेल, तर वायर जळायची भीतीही तेवढीच कमी. बरोबर आहे. दीड चौरस मिलिमीटरची वायर तेहतीस अँपियरनं अर्ध्या मिनिटात पेट घेत नाही. माझ्या मते जनरेटरच्या बाबतीत शॉर्ट सर्किटची धास्ती आपण उगाच जास्त घेतो, आणि खऱ्या दोन गोष्टींकडे काणाडोळा करतो. एक सांध्यांवरची उष्णता, दुसरी गळणारा करंट.

उष्णतेचं आधी. पंधरा अँपियरच्या पॉइंटमध्ये टॉप सैल बसलाय, पितळेच्या पिनेवर काळपट थर आलाय. त्या एका ठिकाणी अर्धा ओहम रोध आहे असं धरू. पंधरा अँपियर वाहिले तर तिथे किती वॅट उष्णता? करंटचा वर्ग गुणिले रोध: एकशे बारा वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग गनइतका ताव, तोही प्लास्टिकच्या डबीत, भिंतीच्या आत. करंट मर्यादेत आहे, त्यामुळे एमसीबीला यातलं काहीच दिसत नाही. आधी वास येतो, मग टॉप पिवळा पडतो, मग पिन सॉकेटातून निघेनाशी होते. हे दर पावसाळ्यात होतं, आणि घरचे म्हणतात, हलक्या कंपनीचा टॉप होता.

याच्याच शेजारची गोष्ट वायरच्या जाडीची. नियम साधा आहे: वायरचं रक्षण करणारा खटका वायर सुरू होते तिथे, उगमाकडे हवा. आपल्या बोर्डावरचे एमसीबी मीटरकडून वीज येते असं धरून बसवलेले आहेत. पॉइंटातून उलटी वीज सोडली की उगमच बदलतो. पाच केव्हीएचा जनरेटर घेतला, त्याचा करंट एकवीस-बावीस अँपियर, आणि तो जोडला सहा अँपियरच्या पॉइंटला, कारण तोच दाराजवळ होता. त्या पॉइंटाची वायर एक चौरस मिलिमीटरची. त्याच लाईनवर पुढे आणखी दोन पॉइंट असतील, तर त्यांचा करंट बोर्डापर्यंत जातच नाही. तो बोर्डावरच्या एमसीबीतून वाहणार कसा? मग उरतो तो जनरेटरच्या अंगावरचा ब्रेकर. पण तो जनरेटरचं वाइंडिंग वाचवायला बसवलेला असतो. तुमची भिंतीतली वायर किती जाड आहे, हे कारखान्यात कुणाला माहीत?

मोटरचंही इथेच सांगून टाकतो, कारण भाड्याचा जनरेटर येतो तो बहुधा मोटरसाठीच. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारं काम. सिंगल फेज मोटर चालताना लाईनवरून सहा-सात अँपियर घेते, आणि सुरू होताना त्याच्या चार ते सहा पट. अडीच केव्हीएच्या जनरेटरला तो झटका सोसत नाही. व्होल्टेज बसतं, मोटर उचलत नाही, जागच्या जागी गुणगुणत राहते, आणि तशाच अवस्थेत वाइंडिंग तापत जातं. इथे एमसीबी उपयोगाचा नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नीट लावलेला असला पाहिजे. आधी मोटर सुरू करा, ती स्थिरावली की मग फ्रिज लावा. उलट क्रम नको.

आता गळणाऱ्या करंटकडे येतो. इथे थोडं सावकाश जाऊ.

फ्रिजच्या बॉडीला आतून फेज लागला. बॉडी अर्थला जोडलेली आहे, करंट जमिनीत गेला, म्हणून एमसीबी पडेल अशी आपली समजूत असते. तुम्ही जांभ्यावर राहणारी माणसं आहात. जांभ्यात अर्थपिट करायचं म्हणजे काय दिव्य असतं ते इथल्या प्रत्येक वायरमनला ठाऊक आहे. मीठ-कोळसा घालून, पाणी ओतून दहा ओहम मिळाले तरी लोक खूश होतात. २३० भागिले दहा: तेवीस अँपियर. सी१६ झटक्यात पडायला हवेत ऐंशी. उन्हाळ्यात पिट सुकलं आणि शंभर ओहम झाले, तर करंट सव्वादोन अँपियर. एमसीबीला त्याची खबरही लागत नाही, आणि फ्रिजच्या दाराला हात लावणाऱ्याला मात्र लागते. म्हणजे महावितरणची लाईन असतानासुद्धा अर्थ फॉल्टपासून आपल्याला वाचवणारा एमसीबी नव्हताच. ते काम आरसीसीबीचं, ज्याला आपण अजून ईएलसीबीच म्हणतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो की नाही, एवढंच तो मोजतो. तीस मिलिअँपियरचा फरक पडला की तोडतो. तीस हा आकडा हवेतून आला नाही. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या चार्ल्स डाल्झील यांनी किती करंटला माणसाचे स्नायू आखडतात, हात सुटेनासा होतो आणि हृदयाचे ठोके कधी बिघडतात, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अशा कामावर या उपकरणांचे आकडे उभे आहेत.

जनरेटर आला की नेमका हाच पहारेकरी आंधळा होऊ शकतो. कसा ते बघा.

लाईनचा न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला जोडलेला असतो. म्हणून गळलेला करंट जमिनीतून डीपीकडे परत जाऊ शकतो, आणि आरसीसीबीला फरक दिसतो. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा कशालाच जोडलेला नसतो. तो तरंगता असतो. एकटी मोटर चालवायची असेल तर ते एका परीनं बरं, कारण एका तारेला हात लागला तरी परतीची वाट नाही. पण अख्खं घर जोडल्यावर पहिला फॉल्ट गुपचूप होतो. फ्रिजच्या बॉडीला फेज लागला. करंट कुठेच जात नाही, काहीच होत नाही, कुणाला कळत नाही. मात्र त्या क्षणापासून जमीन फेजला बांधली गेली, आणि न्यूट्रल, ज्याला आपण निरुपद्रवी समजतो, तो जमिनीच्या हिशेबानं २३० व्होल्टवर गेला. आता पलीकडच्या खोलीत कुणाचा हात न्यूट्रलला लागला की करंट फेजमधून फ्रिजला, तिथून जमिनीत, जमिनीतून माणसात, माणसातून न्यूट्रलला, आणि आरसीसीबीतून परत. गेला तेवढा आला. आरसीसीबीच्या लेखी सगळं आलबेल!

तुम्ही म्हणाल, आम्ही टेस्टचं बटण दाबून बघतो. जरूर दाबा, पण ते बटण आरसीसीबीच्या आतल्याच एका रोधातून थोडा करंट वळवतं. यंत्रणा हलते की नाही एवढंच त्यातून कळतं. जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला आहे की नाही, हे ते सांगत नाही. तरंगत्या जनरेटरवरही बटण दाबलं की खटका पडतो, आणि माणूस समाधानानं आत जातो. या धंद्यातलं इतकं फसवं समाधान मला दुसरं ठाऊक नाही.

उपाय अवघड नाही. जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशीच त्याच्या सांगाड्याला आणि अर्थला जोडायचा. एकाच ठिकाणी, आणि आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे जनरेटरच्या बाजूला. घरातल्या बोर्डात जोडायचा नाही. तिथे जोडलात तर लाईन आल्यावर आरसीसीबी विनाकारण पडत राहील. काही कंपन्यांनी ही जोड आतून केलेली असते, काही इन्व्हर्टर जनरेटरांत ती करू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. म्हणून पुस्तिका वाचा आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. अर्थिंगचं मानक आयएस ३०४३, वायरिंगचं आयएस ७३२. ज्याला ही नावंच ऐकून माहीत नाहीत, त्याच्या हाती घर देऊ नका.

आतापर्यंत मी घरातल्या माणसांबद्दल बोललो. आता खांबावरच्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

दोन्ही टोकांना पिना असलेली ती वायर लावली आणि मेन स्विच बंद करायचा राहिला, तर वीज मीटरमधून उलटी लाईनवर जाते. लोक म्हणतात, जनरेटर एवढा भार उचलूच शकणार नाही, ब्रेकर पडेल. शेजारची पन्नास घरं जोडलेली असतील तर पडेलच. पण वादळात तारा तुटलेल्या असतात. तुमच्या घरापासून तीन खांबांवर लाईन तुटली असेल, तर जनरेटरच्या गळ्यात दोनचार घरांचे बल्ब फक्त येतात. तो आरामात चालतो, आणि जमिनीवर पडलेली तार जिवंत असते. लाईन डीपीपर्यंत शाबूत असेल, तर आणखी वाईट. ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. अकरा हजारांचे ४३३ करणारा ट्रान्सफॉर्मर तुमच्या २३० वर उलटा चालला, की पलीकडच्या दोन तारांमध्ये दहा हजारांच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. वाडीवरचा पंचवीस केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर रिकामा जागा ठेवायला लागणारा करंट तुमच्या जनरेटरला सहज झेपण्याजोगा असतो. इथे जादा करंट कुठेच नाही. मग जादा करंटवर पडणारा खटका पडणार कशाला?

लाईनमन खांबावरचा एबी स्विच उघडतो, डीओ फ्यूज काढतो, डिस्चार्ज रॉडनं तारा शॉर्ट करून अर्थ करतो, मगच चढतो. निदान तसं चढावं असं त्याला शिकवलेलं असतं. पण आठ दिवस घरी न गेलेला, भर पावसात पन्नासावा खांब चढणारा माणूस एखादी पायरी गाळू शकतो. त्याचा जीव तुमच्या मेन स्विचच्या आठवणीवर अवलंबून नसावा. आणि अशात लाईन आली, तर जनरेटर आणि महावितरण एकमेकांसमोर उभे ठाकतात. दोघांचा ताल जुळलेला नसतो. कोण हरणार ते सांगायला नको. पेट्रोलची टाकी त्या यंत्राच्या डोक्यावरच असते.

म्हणून "मेन स्विच आठवणीनं बंद करू" ही व्यवस्था मला मान्य नाही. चेंजओव्हर स्विच बसवा. मीटर आणि मेननंतर, घरच्या बोर्डाच्या आधी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा, मधे ऑफ असलेला: लाईन, ऑफ, जनरेटर. फक्त फेज बदलणारा घेऊ नका. वादळात लाईनचा न्यूट्रल तुटलेला असतो आणि त्यावर काय आलेलं असेल याचा नेम नसतो. जनरेटरकडून येणाऱ्या वायरवर, जनरेटरच्या जवळ, त्याच्या क्षमतेला जुळणारा स्वतंत्र दोन पोलचा एमसीबी, आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी. अडीच केव्हीएला दहाचा एमसीबी पुरे. शक्यतो बी प्रकारचा, कारण दुबळ्या स्रोताला लवकर पडणारा खटका लागतो. मोटर त्यावर उचलत नसेल, तर मोठा एमसीबी घालू नका, मोठा जनरेटर आणा. घराच्या भिंतीवर पिना आत झाकलेला इनलेट बसवा, म्हणजे उघड्या पिनेवर वीज कधी येणारच नाही. तीन फेजचा बंगला असेल तर लाडका जुगाड म्हणून तिन्ही फेज एकत्र बांधू नका. चार पोलचा चेंजओव्हर घ्या आणि कुठल्या फेजवर काय आहे ते आधी कागदावर मांडा.

जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब ठेवा. पडवीतसुद्धा नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आज मी ज्या खटक्यांबद्दल बोललो त्यातला एकही त्याला थांबवत नाही.

इतकं सगळं लगेच जमणार नाही, हे मलाही कळतं. पण एक काम आजच होण्यासारखं आहे. तुमच्या घरी, दुकानात, मंडळाच्या सामानात दोन्ही टोकांना टॉप लावलेली वायर असेल, गणपतीच्या डेकोरेशनच्या पेटीत ती हमखास असते, तर रात्री घरी जाऊन ती शोधा, आधी दोन्ही टोकं सॉकेटमधून बाहेर आहेत याची खात्री करा, आणि तिचा एक टॉप कापून टाका.